सही असलेली थाप

तीन गोष्टी सांगतो. त्यांतली थाप कोणती हे वाचकाने आधी मनाशी ठरवावे आणि मगच पुढे जावे. पहिली : पाकिस्तान सरकारच्या नावाने चलनात आलेल्या पहिल्या नोटांवर महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेल्या एका मराठी माणसाची सही होती. दुसरी : दोन हजार रुपयांच्या नोटेत एक सूक्ष्म चिप बसवलेली होती आणि ती नोट जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला तिचा ठावठिकाणा लागत असे. तिसरी : तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाच्या घोरपडीच्या अंगाला दोर बांधला आणि त्या दोरावरून कोंढाण्याचा कडा सर केला.

पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे. महाडहून रायगडाला जाताना वाटेत नाते लागते. तिथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म झाला. १९१८ साली ते आयसीएस परीक्षेत पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. तिथले चलन काही काळ भारताच्या रिझर्व्ह बँकेनेच सांभाळायचे, असे ठरले. १ जुलै १९४८ ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान उभी राहीपर्यंत ही व्यवस्था चालली. तेवढ्या काळापुरत्या सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या भारतीय नोटांवरच ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे वरून छापण्यात आली. गव्हर्नराची सही अर्थातच जागच्या जागी राहिली. गांधारीच्या खोऱ्यातल्या एका गावात जन्मलेल्या माणसाच्या शब्दावर कराचीच्या बाजारात माल विकला जात होता.

दुसरी गोष्ट साफ खोटी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ती मोबाइलवर फिरू लागली, काही दूरचित्रवाहिन्यांनी चित्रे काढून ती गंभीरपणे समजावून सांगितली आणि शेवटी रिझर्व्ह बँकेला तिचा इन्कार करावा लागला. तिसरी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहे, कारण तानाजींचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यातच आहे आणि ती घोरपड तिथल्या लोकांनाही घरच्यासारखी आहे.

हा प्रयोग कुणावरही करून पाहावा. बहुतेकांना पहिली गोष्ट थाप वाटते आणि दुसरी निदान शक्य कोटीतली वाटते. म्हणजे एखादी माहिती विचित्र आहे की नाही, यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. देशमुखांचे अख्खे चरित्रच पाहा. रिझर्व्ह बँकेचा कारभार पाहणारा माणूस कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणतो. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जगाच्या पैशाची घडी बसवायला जातो. आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाते आहे हे पाहून केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून देतो. कुणी हे कल्पून लिहिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवले असते.

मग थाप ओळखायची कशी? आणि ओळखता आली तर तिचे करायचे काय? अलीकडे या प्रश्नाचे एकच उत्तर दिले जाते : खोट्या माहितीने समाज पोखरला आहे, म्हणून माहितीची थट्टाही नको. मला हे उत्तर मुळातून चुकीचे वाटते. हसवण्यासाठी रचलेली खोटी माहिती आणि फसवण्यासाठी रचलेली खोटी माहिती ही एकाच रोगाची सौम्य आणि तीव्र रूपे नव्हेत. पहिली जिथे भरपूर असते तिथे दुसरीला बाळसे धरणे अवघड जाते, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे ती कमी होत चालली आहे, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

नोटांचाच दाखला पुढे चालवतो. जत्रेत मुलांच्या खेळातल्या नोटा मिळतात. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेच्या जागी ‘चिल्ड्रन बँक’ असे छापलेले असते. ती नोट खोटी असते आणि आपण खोटे आहोत हे कपाळावर लिहूनच ती बाजारात येते. तिच्या जोरावर मूल दुकानदार होते, गिऱ्हाईक होते, सुटे पैसे मोजायला शिकते. चोरटी नोट आपले खोटेपण लपवते. दोन्ही कागद खोटेच; पण पहिला व्यवहार शिकवतो आणि दुसरा व्यवहाराचा गळा घोटतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या संगम विहार भागात एटीएममधून अशा खेळातल्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्या, तेव्हा दोष त्या नोटांचा नव्हता. त्यांच्यावर सत्य छापलेले होते. कुणीतरी त्यांना जत्रेतून उचलून बँकेच्या यंत्रात नेऊन ठेवले होते.

विनोदी थापेचेही असेच होते. ती जिथे जन्मली त्या जागेवरून उचलून, तिच्यावरची अक्षरे पुसून, तिला दुसऱ्या यंत्रात घातले की घात होतो. चिपवाली नोट एखाद्याने पारावर बसून सांगितली असती तर पहिल्या प्रतीची लोणकढी ठरली असती. त्यातला ‘१२० मीटर’ हा आकडा तर अस्सल थापाड्याची खूण आहे. शंभर म्हटले की अंदाज वाटतो, १२० म्हटले की कुणी मोजून आल्यासारखे वाटते. पारावरचा एखादा म्हातारा लगेच विचारता झाला असता, “मोजायला कोण उतरला होता?” आणि तिथेच सगळे हसले असते. वाहिनीच्या पडद्याला हा प्रश्न विचारता येत नाही. मोबाइलवर आलेल्या मजकुराला तर सांगणाराच नसतो. पाठवणारा असतो, आणि ‘मला आलं ते पुढे पाठवलं’ एवढेच त्याचे उत्तर असते.

हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याकडे होती, आणि ती शाळेतून आलेली नव्हती. महाड-पोलादपूरकडच्या गावांत आजही शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगतात. एक शाहीर पुराणातला कूट प्रश्न टाकतो, दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यायचे असते. उत्तर येत नसेल तर चतुर शाहीर बेधडक काहीतरी रचतो, ठसक्यात गातो आणि टाळी घेऊन जातो. पण समोरचा कसलेला असेल तर तो पुढच्या फेरीत दाखला मागतो : कुठल्या पोथीत, कुठल्या अध्यायात? समोर बसलेल्या श्रोत्यांत अनेकांनी कधी पोथी वाचलेलीही नसते. तरीही माहितीच्या मागे एक पत्ता असावा लागतो, तो मागायचा हक्क आपल्याला आहे आणि न सापडला तर हसायचाही हक्क आहे, हे त्यांना रात्रभर बसून कळते. ज्ञानमीमांसेचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

आता यशवंतीकडे येऊ. तिचा पत्ता शोधता येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, ती कोंढाण्याच्या प्रसंगानंतर अवघ्या पंचवीस-तीस वर्षांनी. तो सांगतो की मावळे वानरासारखे कड्यावर चढले. घोरपड त्याच्याकडे नाही. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि तिथे ती नुसते चढण्याचे साधन नाही, कथेतले एक पात्र आहे. तिला पुढचे अशुभ कळते, ती बिचकते, तानाजी तिच्यावर संतापतात. रात्री मशालीच्या उजेडात ऐकणाऱ्यांना हा प्रसंग किती भिडत असेल! शाहिराने खोटेपणा केला असे मला मुळीच म्हणायचे नाही. पोवाडा म्हणून तो उभा राहिला, डफ वाजवला, आपण शाहीर आहोत हे सांगितले. ऐकणारा पोवाडा ऐकायला बसला होता, जमाखर्च तपासायला नव्हे. पुढे आपण ती घोरपड पोवाड्यातून सोडवून गोष्टींच्या पुस्तकांत आणली, शाहिराचे नाव गळले आणि ती इतिहासात राहायला गेली. ‘सिंहगड’ या नावाचेही तसेच. तानाजी पडले म्हणून किल्ल्याला ते नाव मिळाले, असे आपण ठामपणे सांगतो. पण हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही आढळते. तानाजींच्या पराक्रमाला या दोन्ही गोष्टींची गरज नव्हती. माघातल्या अंधाऱ्या रात्री माणसे तो कडा स्वतःच्या हातापायांनी चढली, हे घोरपडीपेक्षा कितीतरी अधिक थरारक आहे.

इथे वाचक म्हणेल की घोरपडीने कुणाचे काही बिघडवले नाही. खरे आहे. पण नात्यावरून पुढे पाचाडला जावे, तिथून रायगड चढावा आणि शिवछत्रपतींच्या समाधीपाशी उभे राहावे. तिथे एका उंच चौथऱ्यावर कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत त्यांच्या वाघ्या नावाच्या इमानी कुत्र्याने उडी घेतली, अशी कथा पर्यटकांना सांगितली जाते. शिवकाळातल्या विश्वसनीय कागदांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. तो मराठी मनात शिरला तो मुख्यतः राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकातून. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले, नाटक अपुरेच राहिले. १९३६ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीच्या आधाराने पुतळा उभा राहिला. ऑगस्ट २०१२ मध्ये तो काही कार्यकर्त्यांनी काढून टाकला, थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसवण्यात आला आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी नव्याने पेटली.

या सगळ्या वादात गडकऱ्यांवर जो राग निघतो तो मला अन्यायाचा वाटतो, कारण आपण कोणत्या प्रकारचे बोलतो आहोत हे सांगण्याची इतकी काळजी मराठीत फार थोड्या लेखकांनी घेतली असेल. कविता लिहिताना ते गोविंदाग्रज होत. विनोद लिहिताना बाळकराम होत. नाटकावर मात्र स्वतःचे नाव घालत, आणि ते नाटक आहे हे मुखपृष्ठावर छापलेले असे. एका माणसाने तीन सह्या बाळगल्या. नाटकातल्या पात्राला दगडात कोरून ऐतिहासिक पुरावा बनवण्याचे काम त्यांनी केले नाही. तेव्हा ते हयातही नव्हते. आपण नाटक विसरलो, नाव विसरलो आणि पात्र तेवढे लक्षात ठेवले.

आणि त्याच आवारात, चार पावलांवर, याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर रायगड बांधणाऱ्या हिरोजीने आपले नाव कोरून ठेवले आहे. सेवेला तत्पर असलेला अमुक, एवढेच. राजधानी उभारणाऱ्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याची पावले पडतील अशी जागा स्वतःच्या नावासाठी निवडली. हे ऐकायला एखाद्या नाटककाराने रचल्यासारखे वाटते, पण दगड तिथे आहे, अक्षरे वाचता येतात. तेव्हा पुतळा पाडावा की राखावा या भांडणात मला एक तिसरी मागणी करायची आहे. तो राहणार असेल तर त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहावे : हा कुत्रा ‘राजसंन्यास’ नाटकातून लोकप्रिय झाला, नाटककार राम गणेश गडकरी, पुतळा १९३६. हलवायचा असेल तर जिथे नेऊन ठेवाल तिथेही हीच अक्षरे लावावीत. कल्पनेला तिचा बाप परत मिळाला की तिच्याशी भांडायचे कारण उरत नाही. ती आवडली किंवा नावडली, एवढेच उरते.

मराठी विनोदाची थोर माणसे हे जाणून होती. आचार्य अत्रे गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही म्हणत तेव्हा सभेतले पोरही दहा हजार वर्षे मोजायला बसत नसे. आकडा खोटा होता, पण तो सांगण्यात फसवणूक शून्य होती, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुगवलेला होता. पु. ल. देशपांड्यांनी ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ लिहिला तेव्हा इतिहास कसा नसतो, हे कंसातल्या एका शब्दाने मुखपृष्ठावरच सांगून टाकले. असे पुस्तक वाचून झाल्यावर खरा वाङ्मयेतिहास वाचताना डोळे अधिक उघडे राहतात. अमुक कवीवर तमुकाचा प्रभाव, अमुक काळात तमुक प्रवाह, ही विधाने किती सहज तयार करता येतात हे एकदा हसत हसत पाहिले की मग गंभीर विद्वानालाही आपण पुरावा मागू लागतो.

याच्या उलट टोकाला पु. ना. ओक. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ताजमहाल म्हणजे तेजोमहालय, ही त्यांची समीकरणे. या कोट्या आहेत, आणि कोट्या म्हणून त्यांतल्या काही झकास आहेत. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या घराण्यात त्या सहज खपल्या असत्या. पण ओकांनी त्या गंभीरपणे मांडल्या, ग्रंथ लिहिले आणि ताजमहालाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. न्यायालयाने २००० साली ती याचिका फेटाळली. हसण्याची सोय काढून घेतलेली कोटी माणसांना कुठवर नेते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या भाषेत नसेल.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा धक्का मात्र बाहेरून बसतो, आणि तो टाळून चालणार नाही. एच. एल. मेंकेन या अमेरिकन पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात स्नानाच्या टबाचा इतिहास लिहिला. तो सगळा कपोलकल्पित होता. अमेरिकेत टब कसा आला, डॉक्टरांनी त्याला कसा विरोध केला, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये कसा बसवला, असा तपशीलवार मजकूर. लेखावर मेंकेनचे नाव होते. लोकांनी तो खरा मानला, इतर लेखकांनी उतरवून घेतला, संदर्भ म्हणून वापरला. १९२६ मध्ये मेंकेनने स्वतः छापून सांगितले की हे सगळे मी रचले होते. तरीही फिलमोरचा टब पुढची कित्येक दशके पुस्तकांत भरलेलाच राहिला. सही होती, कबुलीही होती, आणि दोन्ही निरुपयोगी ठरल्या. मग माझ्या सिद्धान्ताचे काय?

मला वाटते, मेंकेनची थाप चांगली नव्हती. ती शक्यतेच्या फार जवळून चालत होती. टबाला डॉक्टरांनी विरोध केला असेल, असे कुणालाही वाटू शकते. हसू येण्याची जागाच त्याने ठेवली नव्हती. त्याच्याशेजारी जर्मनीतली दगडखाऊ ऊ ठेवून पाहा. लोरिओ या टोपणनावाच्या विनोदकाराने हा प्राणी दूरचित्रवाणीसाठी निर्माण केला. तो दिवसाला २८ किलो दगड-विटा खातो. १९८३ साली ‘प्शिरेंबेल’ या तिथल्या नामवंत वैद्यकीय कोशाने त्याची रीतसर नोंद छापली. पुढे एका आवृत्तीत ती गाळली, तेव्हा वाचकांनी तक्रारी केल्या आणि तो परत आला. ज्या कोशावर डॉक्टर विसंबतात त्यात एक धडधडीत थाप सुखाने नांदते, आणि कोशाची पत त्यामुळे घटत नाही. कारण नोंद वाचताना दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला वाचक थांबतो, हसतो आणि त्याच्या ध्यानात येते की छापलेले सगळेच तसेच गिळायचे नसते. अत्र्यांचे दहा हजार आणि या उवेचे अठ्ठावीस किलो एकाच जातीचे आहेत. खोटेपणाची खूण लेखकाच्या नावाइतकीच मजकुराच्या आतही असावी लागते. नाव पुसले तरी ती पुसता येत नाही.

म्हणून विनोदी थाप लिहिणाऱ्यांवर मी एक जबाबदारी टाकतो : इतकी अशक्य लिहा की कितीही हातांतून गेली तरी ती अशक्यच राहील. संत, कवी, अधिकारी, डॉक्टर यांच्या नावावर न लिहिलेल्या ओळी चिकटवून फिरवणे हा विनोद नव्हे, ती परक्याची सही ठोकणे आहे. पु. लं.च्या आणि कुसुमाग्रजांच्या नावावर आज किती पोरके मजकूर फिरत असतात! त्यांना हसवायचेही नसते आणि माहितीही द्यायची नसते. फक्त थोराच्या नावाची पत वापरायची असते.

आणि वाचकांचे काय? त्यांची तयारी शाळेतच व्हायला हवी, आणि ती ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ अशा फलकाने होत नाही. नात्याच्या, पाचाडच्या, उमरठच्या शाळांत महिन्यातला एक तास थापांसाठी ठेवावा. प्रत्येक मुलाने आपल्या गावाबद्दल एक खरी गोष्ट आणि एक रचलेली गोष्ट आणायची. कोणती कोणती ते सांगायचे नाही. बाकीच्यांनी शक्ती-तुऱ्यातल्यासारखा दाखला मागायचा. कुणाकडून ऐकलेस? त्यांना कुणी सांगितले? कुठे लिहिले आहे? मोजले कुणी? सावित्रीला पूर आला तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढले, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला काय घडले, आपल्या गावच्या कुणाची सही पाकिस्तानच्या नोटेवर होती, अशा खऱ्या गोष्टी मुले घरून, म्हाताऱ्यांकडून, वाचनालयातून शोधून आणतील, कारण खरी गोष्ट थापेसारखी वाटली तरच डाव जिंकता येतो. गुण द्यायचेच असतील तर थाप रचणाऱ्याला पाच द्यावेत आणि ती नेमका प्रश्न विचारून उघडी पाडणाऱ्याला दहा.